तीन खिडक्या आणि आईची ट्रंक

घराला नव्या खिडक्या बसवल्या की सांगण्यासारखं किती साठतं, ते बसवणाऱ्यालाच ठाऊक. आमच्या खिडक्या तीनच, पण किस्से सुरू केले की माझी शाळेची वेळ टळते!

सदतीस-अडतीस सालची गोष्ट. आईला दमा. डॉक्टर म्हणाले, "मोकळी हवा हवी." म्हणून मी नाशिकच्या आमच्या घरात तिच्या खोलीला पश्चिमेकडून तीन खिडक्या बसवल्या. हवा आली, आणि पावसाळ्यात चौकटींच्या फटींतून पाणीही आलं! आईनं ट्रंक भरून ठेवली. "आता पलंगावर एक थेंब पडला, की मी चालले मनमाडला." तिथं माझा धाकटा भाऊ रेल्वेत होता. आईवाचून हे घर मला खायला उठलं असतं.

श्रावणात उघडीप मिळाली आणि दोन माणसं आली. गवंडी रहीमचाचा आणि सुतार तुकाराम. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

*

पहिल्या दिवशी मी चाचांना म्हणालो, "काम अगदी वॉटरप्रूफ हवं." आणि वॉटरप्रूफ म्हणजे काय, ते मास्तरकीच्या सवयीनं सविस्तर समजावलं. चाचांनी थापी खाली ठेवून सगळं ऐकलं.

"म्हंजे पानी आत नाय आलं पायजे. एवढंच ना?"

"एवढंच."

"मग मराठीत सांगा की मास्तर!"

*

दुसऱ्या दिवशी मी वर्गावर असताना तुकारामाचा निरोप आला : "चौकटीला लांबी कमी पडली."

चौकटी तर बसून गेलेल्या. मधल्या सुट्टीत टेप घेऊन धावत घरी आलो, तिन्ही खिडक्या मोजल्या.

"तुकाराम, साडेचार फूट बरोबर आहे की!"

त्यानं खडूची पूड आणि अळशीचं तेल मळलेला, फटीत भरायचा गोळा माझ्यापुढं धरला. "मास्तर, ही लांबी. फुटावर नाय, शेरावर मिळती."

*

चुना घट्ट धरावा म्हणून चाचा त्यात गूळ घालत. माझ्या बायकोनं डब्यातला गूळ कुरकुरतच दिला. तिसऱ्या दिवशी मधल्या खिडकीला मुंग्यांची रांग! ती झाडू घेऊन निघाली, तसे चाचा आडवे आले.

"थांबा सूनबाई! मुंगी कुठं शिरती ते बघू द्या."

मुंग्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात शिरत होत्या. मला तिथं फट दिसलीच नव्हती. चाचांनी ती उकरली, काथ्या ठोकला, चुना भरला. तेव्हापासून बायको गूळ न मागता देऊ लागली.

*

एका शुक्रवारी, कामाला सुट्टी असून, भरपावसात चाचा समोरच्या ओट्यावर बसलेले दिसले. मी छत्री घेऊन गेलो.

"चाचा, आज काय?"

"काय नाय. पानी कुठं थांबतंय ते बघतोय. ऊन पडल्यावर कसं दिसणार?"

त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. घरात येऊन मी बायकोला चहा ठेवायला सांगितला.

*

काम पुरं झालं, तेव्हा चाचा म्हणाले, "पावसाची वाट कशाला बघायची?" त्यांनी स्टुलावर उभं राहून बाहेरून बंद खिडक्यांवर रॉकेलच्या डब्यानं पाणी मारायला सुरुवात केली. तुकाराम डबे भरून देत होता. आत आई पलंगावर चढून चौकटीवरून बोट फिरवत होती.

पहिला डबा. बोट कोरडं. दुसरा. कोरडं. तिसऱ्याला आई माझ्याकडं बघून हसली. कितीतरी दिवसांनी!

"रहीमभाई, एक थेंब नाही हो!" हे सांगायला तिनं खाडकन खिडकी उघडली.

आणि त्याच क्षणी चौथा डबा सुटला!

आई चिंब. गादी चिंब. चाचा स्टुलावर रिकामा डबा धरून थिजलेले. "या अल्ला! माई, माफ करा!"

आईनं तोंडावरचं पाणी निपटलं आणि आत हाक मारली.

"सूनबाई, ती ट्रंक उघड गं. एक लुगडं दे, आणि बाकीची फडताळात ठेव."