काळजासाठी बॅटरी

माझ्या दिराच्या छातीत बिघाड आहे हे आम्हाला खोट्या काळजात सेल घालता घालता कळलं.  ऐकणारे म्हणतात, काहीतरीच काय. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हेच म्हणाले असते.

हा दीर माझ्या लग्नात हाफ चड्डीत मिरवत होता, आणि त्याच दिवशी त्याने घरातला टेबलफॅन खोलून ठेवला. घामाघूम पाहुणे त्याच्या नावाने खडे फोडत होते आणि हा स्क्रू मोजत बसलेला. तेव्हापासून तो खटपट्या, खरं नाव कुणी घेत नाही. आमच्या नाटक कंपनीत मी कपडे शिवते आणि तो लागेल ती वस्तू बनवून देतो. न कापणारी तलवार म्हणा, डोक्यावर फुटूनही न लागणारी बाटली म्हणा, सगळं त्याच्या हातचं. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणतो, वेळच मिळाला नाही, जसं काही लग्न म्हणजे राहून गेलेलं बँकेतलं काम.

नव्या नाटकात एक चेटकीण राजाचं काळीज काढून घेते. ते तिच्या तळहातावर लाल उजळायला हवं आणि धडधडायलाही हवं, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं. खटपट्याने मऊ रबराचं काळीज केलं, आत बारके एलईडी दिवे, आवाजाचा छोटा बोर्ड आणि स्पीकर बसवला. ठोका पडला की दिवा लागायचा. ठोक्यांचा आवाज बाजारात तयार मिळतो, पण तो याला पटेना. म्हणाला, "वहिनी, हा आवाज दार ठोठावल्यासारखा वाटतो." मग या शहाण्याने माईक स्वतःच्या छातीला चिकटवला आणि स्वतःचेच ठोके त्यात भरले.

आता प्रश्न उरला बॅटरीचा. चेटकिणीचं काम करणाऱ्या बाईंचं मनगट दुखतं, त्यांना जड वस्तू धरवत नाही. म्हणून आधी बटणासारखे चपटे सेल घातले. दिवा छान लागला, पण स्पीकर वाजायला लागला की दोघांना मिळून ताकद पुरेना. दिवा विझायचा आणि आवाज पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. नंतर चौकोनी बॅटरी आणली. ती दिसायला दणकट, पण दुसऱ्या अंकातच तिने मान टाकली. दुकानदार याला लांबून पाहिलं की आत जाऊन बसायचा, इतके याचे प्रश्न. किती वेळ चालेल, गरम होईल का, संपत आली की एकदम बंद पडेल की हळूहळू. शेवटी साधे पेन्सिल सेल ठरले. वजनाचं काय, तर मी बाईंच्या बाहीत आतून कप्पा शिवला, सेल त्यात ठेवले आणि वायर अस्तरातून मनगटापर्यंत आणली. काळीज हलकं झालं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

तालमीत काळीज मस्त धडधडलं, आणि मध्येच थांबलं. आवाज नाही, दिवाही नाही. बाई तळहाताकडे बघत राहिल्या. मग धाडकन एक ठोका पडला आणि पुन्हा सगळं सुरू.

"सेल उतरलेत," खटपट्या म्हणाला. नवे घातले. पुन्हा तिथेच थांबलं. दुसऱ्या दुकानातून आणले, तरी तेच. तो माझ्यावरच घसरला, म्हणे तुझ्या शिलाईत वायर दबतेय. मला असला राग आला. सगळी बाही उसवून त्याच्या मांडीवर टाकली आणि म्हटलं, घे, दाखव कुठे दबतेय ती. वायर कुठेच दबलेली नव्हती. दिग्दर्शक मात्र खुशीत. "असू दे रे," ते म्हणाले, "ते थांबतं ना, तिथेच तर अंगावर काटा येतो." खटपट्याला ते सहन होईना. प्रयोग तोंडावर आला होता आणि वस्तू बिघडलेली आहे म्हणून लोक वाहवा करतात, हे त्याला शिवीसारखं लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तालमीच्या खोलीत त्याने सेलला मीटर लावला आणि मला काट्यावर लक्ष ठेवायला बसवलं. काळीज थांबलं तेव्हा काटा जागचा हललासुद्धा नाही. ताकद पुरेपूर येत होती. म्हणजे खोट आवाजातच भरलेली होती.

"माईक सरकला असेल," तो म्हणाला. "थांब, परत भरतो." त्याने शर्टाची बटणं काढली, माईक छातीला लावला आणि नीट ऐकू यावं म्हणून तालमीचा मोठा स्पीकर जोडला. खोलीभर ठोके घुमायला लागले. बाई पाणी पीत होत्या, मी बाहीला टाके घालत होते. आणि ठोके थांबले.

कुणी कशाला हात लावला नव्हता. माईक जागेवर होता, त्याने तो बोटांनी दाबून धरला होता. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. खोलीत कसलाच आवाज नाही. मग ठोका पडला, आणि मला कळलं की मघापासून मीसुद्धा श्वास घेतला नव्हता. त्याच्या ओठांचा रंग उडाला होता. बाईंच्या हातातला पेला कलंडला आणि पाणी त्यांच्या पायांवर सांडत राहिलं, त्यांना पत्ताच नाही.

"वायर असेल," तो हळूच म्हणाला.

"गप बस," मी म्हटलं.  गेले काही महिने हा जिन्यात मध्येच बसायचा आणि चप्पल नीट करतोय म्हणायचा. एकदा शिडीवर डोळ्यांपुढे अंधारी आली, तर उपाशी होतो म्हणाला. ते सगळं एकदम माझ्या अंगावर कोसळलं. शर्टाची बटणं मीच लावली आणि त्याला ओढत खाली नेलं. प्रयोगाचं काय, असं दिग्दर्शक विचारत होते. मी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

हॉस्पिटलमध्ये त्याच्या छातीला पट्ट्या चिकटवून एक दिवस-रात्र नोंद घेतली. डॉक्टर म्हणाले, ठोका द्यायचा निरोपच मध्ये मध्ये अडकतोय, एखाद्या वेळी सुटणारच नाही, फार उशीर करू नका. त्यांनी टेबलावर एक चकचकीत डबी ठेवली, काडेपेटीपेक्षाही लहान. ती कातडीखाली बसवायची. हृदय थांबलं की ती त्याला ठोका देते. आत बॅटरी असते, पुष्कळ वर्षं चालते. संपत आली की अख्खी डबीच बदलायची.

मी खटपट्याकडे पाहिलं. आता हा सुरू होणार, डॉक्टरांना भंडावून सोडणार, असं मला वाटलं. त्याने डबी तळहातावर घेतली, उलटी केली, सुलटी केली. मग न खोलताच ती जपून टेबलावर परत ठेवली.  

"वहिनी," तो म्हणाला, "तू विचार ना."

आणि मी, जिला सेलची कुठली बाजू कुठे घालायची हे आजही कळत नाही, खुर्ची पुढे ओढली आणि डॉक्टरांना विचारलं, "संपत आली की ती एकदम बंद पडते, की हळूहळू?"