फळ्यावरचे तीन कारभारी

आमच्या आळीतल्या आसारामला माणसांना टोपणनावं चिकटवायची लहानपणापासूनची खोड. स्वतःच्या लग्नात बायकोच्या मामाला त्यानं मांडवातच 'उसासा' म्हणून टाकलं, आणि तो बिचारा अजून त्याच नावानं ओळखला जातो. अशा माणसाला कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यानं गाडीतळावरच्या फळ्यावर नेमलं. म्हणजे खोडीलाच पगार सुरू झाला.

हा फळा शाळेतल्यासारखा नव्हता. दारापेक्षा मोठा, काळा, वर पांढऱ्या रेघांनी चौकटी आखलेल्या. उसाच्या एका बैलगाडीला एक आडवी ओळ. पहिल्या चौकटीत गाडीवानाचं नाव, दुसरीत त्याच्या मुकादमाचं, तिसरीत ऊस कुणाच्या रानातला ते. नावं पत्र्याच्या पट्ट्यांवर रंगवून खिळ्यांना अडकवलेली. नियम एकच, पण कडक: एक नाव फळ्यावर एकदाच. कारण पुढचं सगळं त्या नावावर चालायचं. वजनकाट्यावरचा रंगनाथ भोंग्यातून नाव पुकारी, त्या नावाची गाडी काट्यावर चढे, वजन त्या नावावर पडे. बैलांना चाऱ्याला उसाचं वाढंसुद्धा त्याच नावानं मिळे.

आता पाथर्डी-शेवगावकडून तोडीला आलेल्या टोळ्यांत एक वेळ पाणी कमी पडेल, कारभारी नावाचे गडी कमी पडायचे नाहीत. एकाहत्तर सालच्या हंगामात तळावर तीन कारभारी उतरले. नियमानं तिघांना वेगळं करणं भागच होतं, आणि आसाराम त्याचीच वाट बघत बसलेला. उंच होता तो 'लांबडा कारभारी'. कपबशी वाजली की बैल सोडून धावणारा तो 'चहाबाज कारभारी'. तिसरा मागच्या हंगामात टोळी सोडून दोनदा गावाकडे पळाला होता. त्याची पट्टी झाली 'पळपुटा कारभारी'. रंगनाथ हे नाव भोंग्यातून इतकं लांबवायचा, की कारखान्याच्या गव्हाणीत मोळ्या टाकणारेही काम सोडून हसायचे.

तो कारभारी स्वतःही हसायचा. त्याची बायको रतनबाई मात्र हसत नव्हती. एक दिवस ती हातातल्या कोयत्यासकट फळ्यासमोर येऊन उभी राहिली.

“आसारामभाऊ, आमच्या राहीला बघाया मान्सं यायची हायेत. पुढल्या बाजारच्या दिशी.”

“मग चांगलं हाय की वहिनी. पर कोयता खाली ठेवा अगुदर.”

“पाव्हना हितं तळावरच येनार. पोरीच्या बापाला भोंग्यातनं पळपुटा म्हनत्यात हे ऐकल्यावर कोन सून करून घील तिला? तेवढं पळपुटा पुसा.”

आसारामनं आपल्याच पट्टीकडे पहिल्यांदा परक्या नजरेनं पाहिलं. अक्षर फार सुबक आलं होतं, तेच वाईट. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं रॉकेलचा बोळा घेतला आणि 'पळपुटा' पुसला. एकाचंच कसं पुसायचं, म्हणून 'लांबडा' आणि 'चहाबाज'ही पुसले. रतनबाई खूश होऊन फडात गेली.

दुपारी रंगनाथनं पुकारलं, “कारभारी.” तीन गाड्या एकदम हलल्या. दोहोंची चाकं एकमेकांत अडकली. तिसरी तेवढ्यात काट्यावर चढली. चाकं सुटेपर्यंत चहाबाज चहा पिऊन आला, तर त्याची पाळी लांबड्यानं उरकलेली आणि लांबड्याचं वजन भलत्याच ओळीवर. वाढ्याच्या ढिगाशी तर लांबडा आपला वाटा घेऊन वर पळपुट्याचाही घेऊन गेला. 'कारभाऱ्याचं' म्हणाला, ते काही खोटं नव्हतं. रतनबाईचे बैल रिकाम्या गव्हाणीत तोंड घालून उभे.

संध्याकाळच्या आत तिन्ही टोपणनावं पुन्हा फळ्यावर गेली. रतनबाई आली ती तणतणतच.

“परत लिवलं?”

“कळ काढा वहिनी. चुलीवरनं भांडं उतरवायचं, तर ठेवायला जागा करून उतरवावं लागतंय. म्या जागा न करताच उतरवलं.”

“आन बाजाराचा दिस येऊन ठेपला मंजी?”

“त्याच्या आत करतो. पर रांगंनं करतो.”

मग आसारामनं फळ्याच्या कडेला आणखी एक उभी रेघ मारली. हा नंबराचा रकाना. जुन्या नावांना हात लावला नाही. नव्यानं येणाऱ्या गाडीची पट्टी मात्र नंबर असल्याशिवाय चढेना. जुन्यांना त्यानं अडवलं नाही. ज्याची गाडी काट्याला येई, तिच्या दांडीवर तिथंच डांबरानं आकडा घालायचा आणि तोच फळ्यावर लावायचा. काम एक घटकाही थांबलं नाही. रतनबाई येता-जाता फळ्याकडे बघून नाक मुरडायची, कारण पळपुटा अजून जागेवर होता.

सगळे आकडे लागल्यावर त्यानं रंगनाथला घेऊन फळा वरपासून खालपर्यंत वाचला. एक चौकट रिकामी निघाली. तो गाडीवान गावी मयतीला गेला होता; आल्या आल्या त्यालाही आकडा घातला. आणि नऊ नंबर दोनदा. आसारामला नऊचा आकडा फार झोकदार काढता यायचा, म्हणून तो भरात दोघांना देऊन बसला होता.

“आता ह्यांला काय म्हनायचं?” रंगनाथ म्हणाला. “गोरा नऊ आन काळा नऊ?”

आसारामच्या चेहऱ्यावर क्षणभर जुनं सुख उजळलं. पण त्यानं मुकाट एक नऊ खरवडून तिथं वेगळा आकडा घातला.

नंतर काही दिवस रंगनाथ नाव आणि नंबर दोन्ही पुकारत राहिला. “पळपुटा कारभारी, सतराऽ.” वाढं वाटणाराही आधी दांडी बघायला लागला. आता नुसत्या आकड्यावर सगळं अचूक चालतंय, याची खात्री पटल्यावर, बाजाराच्या आदल्या दिवशी, एक नाव एकदाच हा नियम आसारामनं काढून टाकला. फळ्यावर तीन नुसते कारभारी लागले. रंगनाथनं पुकारलं, “सतरा.” एकच गाडी हलली.

दुसऱ्या दिवशी पाव्हणा आला. सहादेव त्याचं नाव. पलीकडच्या कारखान्यावर त्याचीही गाडी. तो थेट फळ्याशी आला.

“कारभारी कुठं भेटतील?”

“कंचा कारभारी?” शेजारून चहाबाजानं विचारलं, आणि तळावरचे दहा-वीस जण गालात हसत आसारामकडे बघायला लागले. जुनी पट्टी त्याच्या जिभेच्या टोकावर येऊन लोंबकळली. त्यानं ती गिळली.

“सतरा नंबर. त्या बाभळीखाली,” तो म्हणाला, आणि काय होतंय ते बघायला स्वतःही मागोमाग गेला.

रतनबाईनं चहा ठेवला होता. बैलांचं, पावसाचं बोलून झाल्यावर सहादेवानं विचारलं, “पाव्हनं, मागल्या हंगामाला कुठं हुता?”

“हितंच की. दोनदा पळून गेल्तो.”

रतनबाईचा हात चहाच्या भांड्यावर तसाच राहिला. आसारामनं डोळे मिटले.

“पळून? काय झाल्तं?”

“आईच्या दुखन्यापायी ही घरी ऱ्हायली हुती. मला हितं करमंना.”

“मंग?”

“मंग काय, दोन्ही बारीला हिनंच वरडून परत हिकडं धाडलं.”

सहादेव कारभाऱ्याकडे आणि मग रतनबाईकडे बघत राहिला. मग त्याच्या मिशीतून हसू फुटलं.

“आमचं पोरगं बी असंच हाय,” तो म्हणाला. “सारखं घराकडं बघतंय. पोरीला बलवा.”

रतनबाईनं नवऱ्याकडे असं पाहिलं, की दुसरा कुणी असता तर तिथूनही पळाला असता. मग पदर ओढून तिनं चहा ओतला, तो पाव्हण्याच्या आधी कारभाऱ्याच्याच बशीत.