बिनखोक्याचा रोल

जुन्नरच्या माझ्या फोटो स्टुडिओत मी मुदत संपलेले कॅमेऱ्याचे रोल विकले. खोक्यावरचं इंग्रजी गिऱ्हाइकाला कळत नाही म्हणून खोकं फेकायचं आणि आतल्या डबीवर ‘रंगीत, छत्तीस फोटो’ अशी मराठी चिठ्ठी लावायची, ही माझी सोय. खोक्याबरोबर तारीखही जायची. काल कपाटात तसली डबी सापडली. उघडताच आंबूस वास आला आणि मला स्वतःचीच किळस आली.

तळेघरच्या सखारामभाऊंनी माझ्याकडच्या तसल्याच रोलवर आजारी आईचे फोटो काढले होते. रोल धुतला, तर चेहरा ओळखू येईना. तोवर आई गेली होती.

“उन्हात कॅमेऱ्याचं झाकण उघडलं आसंल तुमी,” मी म्हणालो.

“माझंच चुकलं राव,” ते डोळे पुसत म्हणाले.

आज तळेघरला जाऊन त्यांना सांगितलं, “भाऊ, रोलच खराब व्हता, मला ठाऊक व्हतं. तुमचं काय बी चुकलं नव्हतं. मला माफ करा.”