स्टेनोबाईंनी अडवलेला हुकूम

कोर्टाच्या तिसऱ्या मजल्यावर, सात नंबरच्या दालनात, साहेबांच्या उजव्या हाताला एक छोटं टेबल होतं. त्या टेबलामागे स्टेनोबाई एकवीस वर्षं बसत होत्या. साहेब आले, गेले, बदलले. टेबल आणि बाई तिथल्या तिथं. साहेब सांगायचे, बाई टाइप करायच्या. बोटं अशी सरावलेली, की साहेब शब्द शोधत थांबले तर बाईंची बोटं पुढच्या शब्दावर जाऊन वाट बघत असायची.

शिपाई गमतीनं म्हणायचा, "बाई, तुमच्या हातून किती आत गेले आणि किती सुटले, काही मोजदाद?"

"मी नुसती लिहिते रे बाबा. आत-बाहेर करणारे वर बसलेत."

घरी दोन खोल्या आणि धाकटा भाऊ. धाकटा म्हणजे चांगला तेरा वर्षांनी धाकटा. तो सहा वर्षांचा असताना आई गेली, वडील त्याच्या आधीच. तेव्हापासून त्याची आई बाईच आणि बापही बाईच. दोन चांगली स्थळं त्यांनी "आधी ह्याचं मार्गी लागू दे" म्हणून परत पाठवली. नंतर स्थळं यायचीच थांबली.

धाकटा एका गोदामाची गाडी चालवायचा. आठ वर्षांपूर्वी एका दोस्तानं त्याच्याकडे फडक्यात गुंडाळलेली वस्तू दिली, "दोन दिवस ठेव" म्हणून. ह्यानं फडकं सोडून पाहिलं होतं. पिस्तूल आहे हे त्याला कळलं होतं. तरी ठेवलं. दोस्ती म्हणा, हौस म्हणा, मूर्खपणा म्हणा. तिसऱ्या दिवशी नाक्यावर गाडी तपासली आणि ते सीटखाली सापडलं. परवाना नव्हता. आत गोळीही नव्हती, एकसुद्धा नाही.

खटला चार नंबरच्या दालनात गेला. तिथले तेव्हाचे साहेब म्हणजे भलते कडक. "शहरात जिकडेतिकडे पिस्तुलं झाली आहेत. आज एकाला सोडलं तर उद्या दहा जण खिशात घालून फिरतील," असं म्हणून त्यांनी तीन वर्षं ठोकली. सूट वजा जाऊन धाकटा एकोणतीस महिन्यांनी बाहेर आला. ठरलेलं लग्न तोवर मोडलं होतं, त्या मुलीचं दुसरीकडे होऊन तिला एक मूलही झालं होतं. आता तो सायकल दुरुस्तीच्या दुकानात वाकडी चाकं सरळ करायचा. बोलणं कमी झालं होतं, आणि घराच्या दाराला आतून कडी लावलेली त्याला चालायची नाही.

आणि मग दोन वर्षांपूर्वी सात नंबरच्या दालनात नवे साहेब आले. मवाळ माणूस. विनापरवाना पिस्तुलाचा आरोपी समोर आला की हे चौकशी करायचे. माणूस कोण, हत्यार का ठेवलं, कधी कुणाला इजा केली का, घरी कोण आहे. आरोपीच्या घरी जाऊन माहिती काढणाऱ्या परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल शब्द न् शब्द वाचायचे. पटलं, तर चांगल्या वर्तणुकीचं हमीपत्र लिहून घ्यायचे आणि माणसाला घरी पाठवायचे.

कोर्टाच्या दारातला हवालदार चिडायचा. "आम्ही जिवावर उदार होऊन धरायचं आणि ह्यांनी पाठ थोपटून सोडायचं! शहराचं काय होणार, बाई?"

"खरंय तुमचं," बाई म्हणायच्या. "भीतीच राहिली नाही कुणाला."

लोकांना वाटायचं, बाईंना शहराची केवढी काळजी! शहर गेलं चुलीत. प्रत्येक सुटकेचा हुकूम टाइप करताना बाईंच्या पोटात एकच कळ उठायची. ह्याला मिळालं, मग माझ्या भावाला का नाही? दोन वर्षांत अशा चौदा कळा सोसल्या होत्या. चौदाच्या चौदा माणसांचे चेहरे त्यांना आठवत होते. त्यांतला एक तर बाजारात बायकोबरोबर पडदे निवडताना दिसला, तेव्हा बाई भाजी न घेताच घरी आल्या होत्या.

पंधरावा आला तो फरशी बसवणारा एक कारागीर होता. चौतीस वर्षांचा. ठेकेदाराशी वाद झाला होता, ठेकेदाराच्या माणसांनी दोनदा घरी येऊन धमकावलं होतं, म्हणून ह्यानं कुठूनसं पिस्तूल मिळवलं. अवजारांच्या पिशवीत, थापी-हातोडीच्या खाली सापडलं. त्यात चार गोळ्या होत्या.

शुक्रवारी दुपारी दोन वाजता साहेब निकाल सांगू लागले.

"भीती वाटली म्हणून पिस्तूल बाळगण्याची मुभा कुणालाही नाही. मात्र आरोपीवर यापूर्वी एकही गुन्हा नाही. सात महिने तो कोठडीत आहे. आईवडील लहानपणीच वारले, थोरल्या बहिणीनं त्याला वाढवलं. ती बहीण आजही त्याची हमी घ्यायला तयार आहे..."

बाईंची बोटं थांबली.

"बाई? काही सुटलं का?"

"नाही साहेब. सांगा."

दोन वर्षांचं हमीपत्र, महिन्यातून एकदा परिविक्षा अधिकाऱ्याकडे हजेरी. शिक्षा तेवढीच. साहेबांनी सांगितलं, "पाचच्या आत प्रत तयार करा. साडेपाचनंतर तुरुंगात सुटकेचं पत्र घेत नाहीत, मग थेट सोमवार."

मागच्या बाकावर बहीण बसली होती. लाँड्रीत इस्त्री करणारी, मनगटावर भाजल्याचे जुने डाग. आधी तिला काही उमगलंच नाही. वकिलानं वाकून सांगितलं, तेव्हा तिनं समोरचा कठडा दोन्ही हातांनी धरला, आणि तिचा चेहरा असा काही फुलला की बाईंना तो बघवेना. बाईही अशाच एका बाकावर बसल्या होत्या, चार नंबरच्या दालनात. हे फुलणं त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं. हिच्या भावाच्या पिस्तुलात चार गोळ्या आणि हिला हे मिळावं! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हुकूम दोन पानांचा होता. तपासून, साफ करून छापायला बाईंच्या हाताला पाऊण तासाचं काम. पण त्यांनी आधी दुसऱ्या खटल्याच्या साक्षी साफ केल्या. मग प्रिंटरमधला कागद काढून पुन्हा नीट लावला. मग चहाला गेल्या, एरवी त्या चहा टेबलावरच मागवायच्या. इस्त्रीवाली व्हरांड्यात उभी होती.

"बाई, झालं का हो?"

"होतंय. घाई केली की चुका होतात."

"हो हो, सावकाश करा," ती घाबरून म्हणाली. "फक्त आजच्या आज सुटेल ना तो? घरी सगळं आवरून आलेय."

बाई पुढे निघून गेल्या. पाच वाजून पंचवीस मिनिटांनी साहेबांची सही झाली. शिपाई पत्र घेऊन धावला. तो पोचला तेव्हा तुरुंगाची खिडकी बंद झाली होती.

घरी येताना बाईंना हलकं वाटत होतं. धाकटा हातांचं वंगण रॉकेलनं पुसत बसला होता. बाईंनी पर्स ठेवता ठेवता सगळं सांगितलं. गोळ्या चार होत्या ते, साहेब विरघळले ते, आणि आपण काय केलं तेही. "आता बसू दे सोमवारपर्यंत. तुझे एकोणतीस महिने गेले, त्याचे तीन दिवस जाऊ देत की."

तो खूश होईल असं त्यांना वाटलं होतं. निदान हसेल.

त्यानं फडकं खाली ठेवलं. "त्याला सांगितलंय आज सुटणार म्हणून?"

"म्हणजे काय! निकाल त्याच्यासमोरच लागला."

"ताई, माझी सुटका मंगळवारी होती. आठवतं?"

"बुधवारी. मीच तर आले होते घ्यायला."

"मंगळवारी होती. कागदावर माझ्या नावात काना चुकला होता कुणाच्या तरी हातून. सकाळी सहाला उठवलं, कपड्यांचं गाठोडं दिलं, दाराशी बसवलं. संध्याकाळी म्हणाले, जा परत आत." त्यानं वंगणाचं फडकं पुन्हा उचललं. "एकोणतीस महिने मी काढले ना, ते कसेही काढले. पण परत आत जाताना, त्या दिवशी, मी रडलो. गाठोडं पोटाशी धरून. सगळे बघत होते."

"तू मला कधी बोलला नाहीस."

"काय बोलायचं? तुझंच कोर्ट ते, तुझीच माणसं." मग एकदम त्याचा आवाज चढला, कित्येक वर्षांत चढला नव्हता एवढा. "त्यानं तुझं काय घोडं मारलंय? मला आत घातलं ते त्यानं घातलं का?"

बाईही पेटल्या. "तुझ्यासाठीच जळतेय ना मी! लग्न नाही, संसार नाही, सगळं तुझ्यापायी..."

"मी सांगितलं नव्हतं जळ म्हणून," तो म्हणाला, आणि न जेवता बाहेर निघून गेला.

शनिवारी सकाळी बाई कार्यालयाच्या अधीक्षकांच्या घरी जाऊन उभ्या राहिल्या. पत्र उशिरा का गेलं ते त्यांनी सांगितलं. प्रिंटर बिघडला, असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण त्या म्हणाल्या, "मी मुद्दाम वेळ काढला."

अधीक्षकांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. "एकवीस वर्षांत एक डाग नाही तुमच्यावर. हे काय सुचलं?"

"माझा भाऊ आत होता," एवढंच बाई म्हणाल्या.

अधीक्षकांनी फोन फिरवले, सुट्टीच्या दिवशीच्या कामाला नेमलेल्या न्यायाधीशांची परवानगी घेतली, आणि दुपारी तीनला फरशीवाला तुरुंगाच्या दारातून बाहेर पडला. पत्र बाईंनीच पोचवलं होतं, म्हणून त्या तिथं होत्या. बहीण आदल्या संध्याकाळपासून तिथंच आसपास थांबली होती, समोरच्या टपरीवाल्यानं तिला स्टूल दिलं होतं. भाऊ दिसताच तिनं आधी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि मग त्याच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडली. तिचं लक्ष बाईंकडे गेलं. काल काय झालं हे तिला काय माहीत! तिनं लांबूनच हात जोडले.

बाईंना बरं वाटलं म्हणावं, तर तसं काही झालं नाही. उन्हात उभ्या राहून त्या बहीणभावाकडे बघत होत्या आणि पोटातली कळ तशीच होती. वर आणखी लाजही.

पुढे बाईंना लेखी ताकीद मिळाली आणि बदली झाली, तळमजल्यावरच्या नकला देण्याच्या विभागात. तिथं खिडकीतून जिना दिसतो. महिन्याच्या पहिल्या सोमवारी फरशीवाला हजेरीला येतो. बोटांना सिमेंट असतं. हसतमुख दिसला की बाई मान खाली घालून शिक्के मारत बसतात.

धाकटा चार दिवस अबोल होता. पाचव्या दिवशी त्यानं न विचारता चहाचा कप पुढे ठेवला, तेव्हा बाईंनी ओळखलं, की रुसवा सरला.

मवाळ साहेबांची यंदा बदली झाली. त्यांच्या जागी आलेल्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात एका पिस्तूलवाल्याला तीन वर्षं दिली. हवालदार मुद्दाम खाली सांगायला आला. "बघा बाई, आता कशी जरब बसेल!"

बाईंना आतून गारवा वाटायला हवा होता. एवढी वर्षं ह्याचीच तर वाट पाहिली होती. त्या हवालदाराला "बरं झालं" म्हणायला गेल्या, आणि त्यांच्या तोंडून निघालं, "घरी कोण आहे हो त्याच्या?"

"मला काय ठाऊक?" हवालदार म्हणाला.

खिडकीपाशी रांग वाढली होती. बाईंनी पुढचा अर्ज हातात घेतला, अर्जदाराचं नाव वाचलं, आणि एकेक काना-मात्रा बोट ठेवून त्याच्याकडून तपासून घेतली.