काकांचा नमस्कार

बाब अल बहरीनच्या कापडबाजारात काका समोरून येताना दिसले, तशी मी लांबूनच "जय भीम, काका" म्हटलं. काका थांबले आणि म्हणाले, "नमस्कार, मॅडम. बऱ्या आहात ना?"

मी हादरलेच. आमच्यात जय भीमला जय भीमच मिळतो, नमस्कार परक्यांना. आणि मॅडम? नऊ वर्षांपूर्वी नोकरीसाठी एकटी इथे उतरले तेव्हा मला विमानतळावर घ्यायला आलेला हा अमरावतीकडचा माणूस. एसीच्या कामावर सुपरवायझर. पहिल्या दिवसापासून मला 'पोरी' म्हणणारा, आणि आज माझ्याशी चक्क पुस्तकी मराठी बोलत होता!

कारण मला ठाऊक होतं. दर शुक्रवारी उम्म अल हस्सममधल्या त्यांच्या फ्लॅटवर आमची पाच-सहा बौद्ध कुटुंबं वंदनेला जमतात. त्रिसरण-पंचशील मी सांगायचं, बाकीच्यांनी मागून म्हणायचं. माझं पाली खणखणीत, त्याचा मला तोराही होता. पण कुणालाही शरण जाणं मला हळूहळू पटेनासं झालं. खोटं बोलणार नाही, हे शील मी वीस माणसांकडून म्हणवून घ्यायची आणि स्वतः मात्र धडधडीत खोटं म्हणायची. शेवटी गेल्या महिन्यात मेणबत्त्या लावायच्या आधी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की मी आता कुठलाच धर्म मानत नाही, वंदना दुसऱ्या कुणीतरी सांगा.

भांडण होणार म्हणून उत्तरं पाठ करून गेले होते. एकही लागलं नाही. काकूंनी खीर दिली, ती खाऊन मी घरी आले. वाटलं, सुटले. मूर्खच मी.

बाजारात मात्र माझा तोल गेला. "काका, मी वंदना सोडली, जय भीम नाही सोडला. तो काय तुमच्या एकट्याचा आहे?"

आता ते चिडणार, असं मला वाटलं. त्यांचे तर डोळेच भरून आले. साठीचा माणूस, भर बाजारात.

"तसं नाही, पोरी," ते म्हणाले. "म्या घरी सांगून ठेवलं होतं. इथं मले काही झालं, त त्रिसरण हिच्याच तोंडून होऊ द्या. आता कोनाले सांगू?"

"मी म्हणेन," एवढंच म्हणायचं होतं. ते माझ्या तोंडून निघालं नाही.