सड्यावरचं गेट

आमच्या वाडीतून इंजिनिअर झालेला पहिला मुलगा म्हणजे सुजय. बाप लवकर गेला, वाढवलं महिपतकाकाने. काकाला मूलबाळ नव्हतं, सगळा जीव या पुतण्यावर. मी त्यांचा शेजारी. रोज सकाळी सुजयच्या मोटारसायकलची धूळ खाल्ली आहे, तेव्हा थोडं तिरकस बोललो तर चालवून घ्या.

दाभोळच्या खाडीवर आमचा सडा आहे, म्हणजे कातळाचं उघडं माळरान. तिथे बंगले बांधायला मुंबईची एक कंपनी आली आणि तिने सुजयला नोकरीला घेतलं. नुसतं नोकरीला नाही. या धंद्यातले उद्याचे नेते तरुणांतूनच घडवायचे, असं बिल्डर लोकांनी ठरवलं होतं म्हणे. महिन्यातून एकदा रत्नागिरीच्या एका हॉटेलात निवडक पोरांची बैठक व्हायची. जेवण असायचं आणि मोठे साहेब पोरांचं म्हणणं ऐकून घ्यायचे. तिथून आला की सुजयचे पाय दोन दिवस जमिनीला लागत नसत.

सडा विकायला वाडी तयार नव्हती, कारण स्मशानाची वाट सड्यावरून जाते. सुजय गावकीत उभा राहिला आणि म्हणाला, वाट मोकळी राहील, माझा शब्द. पंचवीस-सव्वीस वर्षांच्या पोराच्या शब्दावर कोण सही करणार? मग महिपतकाका त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. पोरगा आपला आहे, एवढंच बोलला. त्यावर माणसांनी सह्या केल्या.

पुढच्या बैठकीत सुजयने वाटेची गोष्ट काढली. खोटं कशाला बोलू, काढली. साहेबांना ती फार आवडली. गावाचं मन जाणणारा तरुण म्हणून टाळ्या झाल्या, ढाल मिळाली, फोटो निघाला. आणि पावसाळ्याआधी सड्याभोवती चिऱ्याची भिंत उभी राहिली. वाटेवर लोखंडी गेट बसलं आणि त्याची चावी सुजयच्या हातात दिली गेली. कंपनीचा तुझ्यावर किती विश्वास आहे बघ, असं साहेब म्हणाले आणि या शहाण्याला ते पटलं. माझं डोकं फिरतं ते इथे.

श्रावणात वाडीतल्या धाकूची आई गेली. तिरडी गेटापाशी पोचली तेव्हा सुजय रत्नागिरीला बैठकीत, फोन बंद. म्हातारीला वाटेत खाली ठेवून आम्ही ताटकळत उभे राहिलो. शेवटी उचललं आणि खाडीच्या चिखलातून नेलं. त्यानंतर महिपतकाका कोणाच्या ओटीवर बसायला गेला नाही. त्याला कोणी काही बोललं नव्हतं. बोलले असते तर बरं झालं असतं.

गेट काढा म्हणून सुजय साहेबांकडे गेला होता. लोकांची समजूत घालणं हेच पुढाऱ्याचं काम, असं ऐकून परत आला.

मार्गशीर्षात महिपतकाका गेला. अग्नी सुजयने द्यायचा, म्हणून विस्तवाचं मडकं घेऊन तो सगळ्यांच्या पुढे. गेटापाशी त्याने खिशातून चावी काढली, कुलूप उघडलं, दार सताड लोटलं आणि आत गेला. थोडं पुढे जाऊन वळून बघतो तर मागे कोणी नाही. तिरडी गेटाबाहेर थांबलेली.

"उघडलंय ना," तो म्हणाला. 

पुढच्या खांद्याला गावकीचा म्होरक्या, आमचा गावकार भिकाजी होता. त्याने त्या दाराकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कुलूप घालतात ती वाट नाय, बाबा. महिपतला आमी कोणाच्या दारातनं नेणार नाय."

आम्ही उतारावरून खाडीकडे वळलो. ओहोटी होती, तरी चिखल पोटरीपर्यंत. मी मागच्या खांद्याला होतो, त्यामुळे मला सुजयची धाप ऐकू येत होती. विस्तव विझू नये म्हणून मडक्यावर हात धरून तो आमच्या मागून येत होता. पुढे चालायचा मान त्याचा होता. पण काठाची वाट अरुंद, आणि त्याला पुढे जाऊ द्यायला आमच्यातलं कोणी बाजूला झालं नाही.