डॉलर, तूर आणि कावेरीबाईंची चूल

कावेरीबाई मला आधी ऐकू आल्या, मग दिसल्या. लातूरच्या एमआयडीसीत त्यांनी डाळमिलच्या मुकादमाला साधी हाक मारली, तर निलंग्याला निघालेल्या एसटीचा ड्रायव्हर गाडी थांबवून खाली उतरला आणि हात जोडून म्हणाला, "मावशी, माझं काय चुकलं?"

त्या मिलमध्ये डाळ निवडायच्या. नवरा शेषेराव शेजारच्या सोयाबीन कारखान्यात हमाल. मिलची तूर ब्रह्मदेशातून यायची आणि कारखान्याची पेंड परदेशी जायची. म्हणजे रुपया वधारला की तूर स्वस्त, मिल जोरात. पण पेंडीला गिऱ्हाईक नाही, म्हणून शेषेराव घरी. रुपया घसरला की नेमकं उलट. ज्याचं काम बंद, त्यानं भाकरी थापायची, हा त्या घरचा कायदा. बातम्यांत डॉलरचा भाव ऐकून शेषेराव मुकाट्यानं परात ओढताना मी स्वतः पाहिलेत.

यंदा मात्र रुपया असा घसरला की उठेचना. मिल थांबली, साऱ्या बायका घरी बसल्या. मिलचे मालक उमाशंकर शेठ म्हणाले, "बाहेरची तूर परवडत नाही, बाई. मिल विकून टाकतो."

घरी शेषेरावांनी मिशीला पीळ दिला. "आता जलमभर तूच थाप भाकरी."

"थापते की! तुमच्या टकलावर."

कावेरीबाईंनी लगेच लोह्याला शेतकरी भावाला, अंगदला, फोन लावला. परदेशी तुरीनं भाव पाडले म्हणून अंगदनं आपली तूर विकलीच नव्हती. "अंगद्या, टेम्पो भर! आता बाहेरच्यापेक्षा तुझीच तूर स्वस्त पडती."

टेम्पो आला तो थेट मिलच्या दारात. पोत्यांवर मिलच्या साऱ्या बायका, मधोमध कावेरीबाई, रथात बसल्यासारख्या.

"शेठ, ह्या तुरीला डॉलर लागत न्हाई. काटा लावा!"

इतकी वर्षं फक्त बंदरावरच्या दलालाला फोन करणाऱ्या शेठनी मूठभर तूर दाताखाली धरली. "अजून हाय का?"

"अख्खा लोहा तालुका हाय!"

मागून टेम्पोंची रांगच लागली. मिल धडधडली, गुलाल उधळला, नवी पाळी सुरू झाली आणि भिंतीपलीकडून शेषेराव कारखान्यातलं पोतं टाकून नाचायला आले.

रुपया अजून घसरलेलाच आहे, त्यामुळे कारखानाही चालू आहे. घरात कुणीच रिकामं नाही, तेव्हा दोघं खानावळीचा डबा खातात. वरण पातळ असतं.